चेन लावेपर्यंत

घाटकोपरच्या ज्या इस्पितळात मी स्टाफ नर्स म्हणून लागले, तिथलं स्टोअर तळघरात होतं. लोखंडी जाळीची खिडकी, जाळीखाली एक फट आणि त्या फटीतून बाहेर आलेला एक हात. पहिल्या दिवशी मला त्या माणसाचा फक्त हातच दिसला. सलाईनचा सेट हवा होता म्हणून मी चिठ्ठी पुढे केली. हाताने चिठ्ठी घेतली नाही. तळवा तसाच उघडा राहिला.

"जुना खय आसा?" आतून आवाज आला.

"काय?"

"जुना सेट गो. वापरलेलो. तो दी, मगे नवो घे."

मी मुलुंडची. मालवणी कानावरून गेलेली, पण समोरून कुणी विचारलं तर गोंधळायला व्हायचं. वर जाऊन सांगितलं तर सगळ्या सिस्टर हसायला लागल्या. "भेटले का कात्रीकाका? जा, जुना घेऊन जा. त्याशिवाय नवीन मिळणार नाही."

जुना सेट घेऊन परत गेले. या वेळी दार उघडं होतं. आत एक उंच, हाडकुळे गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चावीचं घड्याळ, हातात जाड हातमोजे आणि शिंप्याची असते तशी मोठी कात्री. त्यांनी माझ्याकडून ती नळी घेतली, दोन ठिकाणी कापली, तुकडे लाल पिशवीत टाकायच्या आधी तोंडाजवळ नेले आणि हळूच म्हणाले, "सुटलंस."

मग मला नवीन सेट दिला आणि म्हणाले, "जा. आता काय भिऊचा नाय."

मला तोपर्यंत भीती वाटली नव्हती. जिना चढताना वाटली.

वापरलेली नळी, सुई, हातमोजे कापून टाकायचे हा तसा सगळ्याच इस्पितळांचा नियम. नाही कापलं तर कुणीतरी धुऊन परत विकतं. बाकी ठिकाणी हे काम वॉर्डातल्या मावशी करतात. आमच्याकडे काका स्वतः करायचे, सगळ्या मजल्यांचं. दुपारी लिफ्टच्या खड्ड्यातून वरपर्यंत कच, कच असा आवाज यायचा. मध्येच थांबायचा. काका काहीतरी पुटपुटायचे, थोडा वेळ शांतता, मग परत कच. एकदा मी लिफ्टची वाट बघत उभी होते तेव्हा त्या शांततेकडे माझं लक्ष गेलं. आपण फोनवर समोरच्याचं ऐकून घेतो ना, तशी ती होती.

काका फौजेतून आलेले. तिथेही मेडिकल स्टोअरलाच होते. मूळ कुडाळकडचे, वडील गिरणीत होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. असल्फ्याच्या डोंगरावर एक खोली. एवढं आम्हाला ठाऊक होतं, आणि यातलंही काही त्यांनी स्वतःहून सांगितलेलं नव्हतं.

नियम एक वेळ ठीक, पण काकांची कात्री इस्पितळाच्या मालापुरती थांबायची नाही. चहावाला कागदी कपातून चहा आणायचा. कप रिकामा झाला की काका तो मागून घेऊन फाडायचे. गोळ्यांची रिकामी पट्टी कापायचे. बसचं तिकीट खाली उतरल्यावर फाडायचे. देवाला उदबत्ती लावली की जळलेली काडी मोडून दोन तुकडे करायचे. स्वतः मात्र असली एकही वस्तू वापरायचे नाहीत. घरून स्टीलचा पेला आणायचे, फौजेतला पत्र्याचा डबा, शाईचं पेन. दाढीसुद्धा न्हाव्यासारख्या घडीच्या वस्तऱ्याने.

मी एकदा विचारलं, "काका, कपाने काय घोडं मारलंय तुमचं?"

त्यांनी स्टीलचा पेला उचलून मला दाखवला. "ह्या पेल्याक किती जणांचे ओठ लागले असतीत? ह्येका कोणाची आठवण रवत नाय. आणि ह्या कपाक?" कागदी कप दोन बोटांत धरून ते म्हणाले, "ह्येका एकच माणूस ठाऊक. ह्येचो जन्मच एका माणसासाठी. काम झाला, तरी तसोच अख्खो ठेवलो, तर तो करतलो काय? बसतलो वाट बघित."

"कुणाची?"

"त्याच माणसाची. आणि कोणाची?"

हे सांगताना ते हसत नव्हते. आवाजही खाली आणला नव्हता. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगावं, तसं सांगितलं.

एका सिस्टरला ठाण्याला नोकरी लागली तेव्हा आम्ही गच्चीवर निरोपाची पार्टी केली. समोसे, वेफर्स, केक. काका येत नसत, पण त्या दिवशी आले आणि सगळ्यांच्या मागे मागे फिरत राहिले. कुणी प्लेट खाली ठेवली की उचलून फाडायची, चमचा मोडायचा. सगळे हसत होते. निघणाऱ्या सिस्टरचा कप घ्यायला गेले तर ती म्हणाली, "थांबा ना काका, यातच पाणी पिते अजून."

काकांनी खिशातून स्वतःचा पेला काढला. "ह्यातून पी, बाय."

"अहो, माझाच उष्टा कप आहे!"

"तुझोच आसा, म्हणान तर सांगतंय."

ती मुद्दाम त्यांच्याकडे बघत त्याच कपातून दोनदा पाणी प्यायली आणि तिने कप उलटा करून दाखवला. काका तिथून खाली निघून गेले. पार्टी संपल्यावर मी तळघरात गेले तर ते स्टुलावर नुसते बसलेले, कात्री मांडीवर. म्हणाले, "ती पोरगी बरी रवाक व्हयी."

ती बरीच आहे. ठाण्यातच आहे, दोन मुलं आहेत तिला. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक मला विचारतात की काकांचं खरं ठरायचं का. सगळं ठरायचं नाही.

मग कोविड आला. आमचं इस्पितळ लहान, पण खाली दोन मजले कोविडला दिले. जे एरवी कपाटात धूळ खात पडायचं, ते सगळं हातोहात जाऊ लागलं. मास्क, मोजे, पायातले प्लास्टिकचे बूट, डोक्यापासून पायापर्यंतचे पांढरे सूट. सगळं एकदा घालायचं आणि टाकायचं. काकांची कात्री सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळी घरी जाईपर्यंत. उजव्या अंगठ्याला घट्टा पडला. मी म्हटलं, "काका, वाट लागली ना तुमची पार." तर म्हणाले, "फौजेत ह्याच्यापेक्षा जास्त होता. थय सगळा एकदाच. जेवणाचा पाकीट एकदा फोडूचा. चूल म्हणजे पत्र्याची डबी, एका वेळेक जळली की संपली. उजेडाची कांडी एकदाच मोडूची, रात्रभर उजेड, सकाळी मेली. जखमेची पट्टी एकदाच."

शेजारी वॉर्डबॉय उभा होता. तो चेष्टेत म्हणाला, "आणि माणूस?"

"तो पण," काका म्हणाले आणि पुढची नळी उचलली.

एप्रिलचे शेवटचे दिवस असतील. मेट्रनने आम्हा सगळ्यांना वॉर्डाबाहेरच्या जागेत बोलावलं. पेशंट गेला तर बॉडी बॅगेत कशी घालायची, चेन कुठून कुठे ओढायची, वरून चिकटपट्टी कशी लावायची, नावाचा कागद कुठे, हे शिकवायचं होतं. आमच्यातल्या कुणी ती बॅग हाताळलेली नव्हती. जाड पांढरं प्लास्टिक, मधोमध लांब चेन.

"कुणीतरी झोपा गं आत. तू ये. तू हलकी आहेस," मेट्रन मला म्हणाली.

मी हसत हसत झोपले. दोघींनी मला उचलून ट्रॉलीवर ठेवलं, सगळ्या फिदीफिदी हसत होत्या. मेट्रन म्हणाली, "पाय सरळ. आता बघा गं नीट." चेन पायाकडून वर यायला लागली. पोटावर आली, गळ्यावर आली आणि मग चेहऱ्यावरून गेली.

आत अंधार नव्हता. दुधासारखा उजेड होता. बाहेरचं हसणं एकदम लांब गेलं, शेजारच्या इमारतीत कुणी हसावं तसं. माझा श्वास माझ्याच तोंडावर परत येत होता. अर्धं मिनिट झालं असेल. चेन कुठेतरी अडकली, ओढाओढ झाली आणि मग उघडली. मी उठून बसले, मीही हसले. गणवेशाच्या निळ्या कॉलरचा दोरा चेनीत अडकून तुटला होता.

बॅगा मोजक्याच आल्या होत्या. मेट्रनने ती पुसली, घडी घातली आणि बाकीच्यांत ठेवली. "कशाला फुकट घालवायची? नवीनच आहे."

दोन दिवसांनी वॉर्डबॉयने गंमत म्हणून काकांना सांगितलं.

काका वर कधी यायचे नाहीत. त्या दिवशी ते जिन्याने धावत आले. मी औषधांची ट्रॉली लावत होते. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुका घातली होती आत?"

"हो काका. अहो, शिकवत होते."

"चेन लावली होती? तोंडावरसून?"

"हो."

"आणि ती पिशी परत ठेवली?"

मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला आणि मला खाली नेलं. स्टोअरमध्ये बॅगांचा गठ्ठा उघडून जमिनीवर पसरलेला होता. त्यातली प्रत्येक उघडून, आत हात फिरवून बघितली होती. "ह्यात नाय ती," ते म्हणाले. "काल वॉर्डात दिल्या, त्यात गेली." मग मला स्टुलावर बसवलं, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि आजवर कुणाला न सांगितलेलं मला सांगितलं.

वरच्या चौकीवर, बर्फात, ते स्टोअर सांभाळत होते. तिथे एक जवान होता, साताऱ्याकडचा, फार तर बावीस वर्षांचा. त्याला थंडी सोसायची नाही. एका संध्याकाळी तो काकांकडे आला आणि म्हणाला, काका, ती मोठी पिशवी द्या ना एक, झोपायच्या पिशवीवरून ओढून घेतो, वारा लागत नाही. ती कसली पिशवी होती ते त्यालाही माहीत होतं, यांनाही. पोराचे ओठ निळे झाले होते. यांनी दिली. सकाळी तो नीट घडी घालून ती परत घेऊन आला. काका, मस्त झोप लागली, घ्या, नवीन आहे तशीच. यांनी ती फळीवर ठेवून दिली.

"आठ दिवसांनी तो पाय घसरून खाली गेलो," काका म्हणाले. "वर आणलो. मी फळीवरसून पिशी काढलंय. हाताक लागली ती काढलंय, बघूक नाय. उघडलंय तर आत बिस्किटाच्या पुड्याचो कागद. त्येचोच. रात्री आत बसून खाल्ल्यान होता पोराने."

त्यांनी हातमोजे काढून ठेवले. "तेचो पाय घसरूक नाय गो. ती पिशी तेची वाट बघित होती."

मी नर्स आहे. मेलेलं माणूस मला नवीन नाही. पण हातातला पेला मी तसाच खाली ठेवला. मी म्हटलं, "काका, योगायोग असेल तो."

"असात," ते म्हणाले. "माका ती पिशी गावाक व्हयी पण."

त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन विचारलं. सगळ्या सिस्टरनी हाकलून दिलं. बॅगा मोजक्या होत्या, आणि काकांच्या हातात कात्री होती. मेट्रनने तर दम भरला, "एकही बॅग कापलीत तर घरी बसाल."

त्यानंतर सहाव्या दिवशी मला ताप आला. माझ्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, मी जिथे ड्यूटी करायचे त्याच वॉर्डात खिडकीजवळचा बेड मिळाला. चौथ्या दिवशी ऑक्सिजन लावला. आईबाबा मुलुंडला घरात अडकलेले, फोनवर नुसतं रडायचे.

तेव्हा सगळेच पांढऱ्या सूटमध्ये. डॉक्टर कोण, मावशी कोण, कळायचं नाही. पण रोज दुपारी एक जण माझ्या पायथ्याशी येऊन उभा राहायचा, टाचा जुळवून, हात सरळ खाली. कवायतीला राहतात तसा. बोलायचा नाही. मी डोळे उघडले की मान हलवायचा आणि जायचा. मला कळलं होतं कोण ते. मला त्यांना विचारायचं होतं, सापडली का, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. रात्री झोप लागायला आली की तो दुधासारखा उजेड पापण्यांच्या आत यायचा. मी दचकून जागी व्हायचे आणि माझे हात चेहऱ्यासमोर काहीतरी चाचपडत असायचे.

सातव्या दुपारी ते पायथ्याशी थांबले नाहीत. जवळ आले, वाकले.

"गावली गो."

"कापली?"

"कापलंय. सुटली." मग म्हणाले, "आता नीज."

मी झोपले. चौदा तास झोपले. माझा ताप त्यानंतर उतरला असं घरी सगळे सांगतात. मी बरी झाल्यावर माझी फाइल काढून बघितली. ताप आदल्या दिवसापासूनच उतरत होता.

महिन्याभराने कामावर आले तर तळघरात दुसराच माणूस. फटीतून हात नाही, दार सताड उघडं. विचारलं तर मेट्रन म्हणाली, "बरं झालं आलीस. उद्या अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये ये. काकांची चौकशी आहे, तुझंही नाव निघालंय त्यात."

मोठे डॉक्टर म्हणजे इस्पितळाचे मालक. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये ते, मेट्रन, मी, एका कोपऱ्यात टाचा जुळवून काका, आणि खुर्चीत एक चाळिशीचा माणूस. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याची आई आमच्याकडे गेली होती. मी आजारी होते त्याच दिवसांत. त्याला आईचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. स्मशानात फक्त बंद बॅग. पण बॅगेवरच्या नावाच्या कागदावरचं अक्षर आणि इस्पितळाच्या फॉर्मवरचं अक्षर वेगळं होतं, हे त्याच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. आपण आग दिली ती आपल्याच आईला का?

म्हणून मागे बॉडी ठेवायच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं होतं. ते आम्हा सगळ्यांना दाखवलं.

पडद्यावर दोन ट्रॉल्या. एकीवर बंद बॅग. दार उघडतं, पांढऱ्या सूटमधला एक जण आत येतो. काका. बॅगेवर वाकून चेनीजवळ बघत राहतात. मग दुसऱ्या ट्रॉलीवर नवीन बॅग पसरतात, तिच्यावर नावाचा कागद स्वतः लिहून चिकटवतात. पहिलीची चेन उघडतात.

"का उघडलीत?" मोठे डॉक्टर म्हणाले. "केवढा धोका आहे ठाऊक होतं ना?"

"चेनीत निळो दोरो होतो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिच्या कॉलरचो."

मेट्रन खाली बघायला लागली. मला एकदम कळलं. माझी बॅग त्या आजींना मिळाली होती. काकांनी त्यांना तिच्यातून बाहेर काढलं होतं.

पडद्यावर ते त्या आजींना एकटेच उचलून नव्या बॅगेत ठेवत होते. बाई अगदी लहान दिसत होत्या. मग लगेच चेन लावली नाही. पदर सारखा केला. केस मागे घेतले. आणि वाकून राहिले. आवाज नव्हता, तोंडावर मास्क होता, पण डोकं हलत होतं. बोलत होते. मग थांबायचे. मान एका बाजूला करायचे, हो म्हणायचे. परत थांबायचे. एकदा ते पायाकडे गेले, चादरीची घडी करून आजींच्या डाव्या गुडघ्याखाली ठेवली, परत डोक्याशी आले आणि काहीतरी विचारल्यासारखं वाकले.

"थांबवा," तो मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "डावा गुडघा कशावरून?"

काका पडद्याकडेच बघत होते.

"आईचा डावा पाय सरळ होत नव्हता. खाली उशी लागायची. फॉर्मवर लिहिलं नव्हतं आम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्येनीच."

मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, त्या गेल्या होत्या तेव्हा. चार तास आधी."

"गेल्या होत्या," काका शांतपणे म्हणाले. "बोलतत सगळे. थोडो वेळ. चेन लावीपर्यंत बोलतत."

मी बॅगेत होते ते अर्धं मिनिट मला आठवलं. मी काही बोलले होते का, ते आठवेना.

मुलगा खुर्चीतून उठला. मला वाटलं आता हात उगारतो. तो काकांपुढे जाऊन उभा राहिला आणि लहान मुलासारखं म्हणाला, "अजून काय म्हणाली?"

काकांनी एकेक करून आमच्या सगळ्यांकडे बघितलं. "हय नको. घराक ये."

मुलाने तक्रार मागे घेतली. काकांना मात्र काढलं. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, मोठ्या डॉक्टरांच्याच टेबलावरची कात्री घेऊन त्याचे दोन तुकडे केले आणि गेले. मी गेटपर्यंत मागे गेले. मला आभार मानायचे होते, माफीही मागायची होती, पण कुणाची ते कळत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "काका, माझ्यासाठी त्यांना त्रास झाला ना?"

"नाय गो," ते म्हणाले. "एकट्या होत्या. तेंका बोलूक कोणतरी व्हया होता."

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. पहिली पत्रिका काकांना द्यायची असं मी ठरवलं होतं. रविवारी दुपारी असल्फ्याचा डोंगर चढले. रंगवलेली घरं, अरुंद पायऱ्या, पाण्याचे निळे पिंप. विचारत विचारत खोली सापडली. दार उघडं, पडदा ओढलेला. बाहेर काकांच्या जुन्या चपला आणि शेजारी पॉलिश केलेले चामड्याचे बूट. मी चप्पल काढली आणि हाक मारणार, तर आतून काकांचा आवाज आला.

"जेवलास का रं बाळा?"

काकांचाच आवाज, तोच खरखरीत. पण काकांच्या तोंडून मी कधी असं बोलणं ऐकलं नव्हतं. ते मालवणी बोलायचे, नाहीतर इस्पितळापुरतं आमच्यासारखं. हे कऱ्हाडकडचं होतं.

"जेवलो आई," दुसरा आवाज म्हणाला. त्या आजींच्या मुलाचा.

"कुठं जेवतोस? पार वाळलायस. थोरल्याला फोन केलास?"

"नाही."

"कर. मी गेल्यावर रुसून बसू नगंसा दोघं."

मुलगा रडत होता की हसत होता, पडद्यातून समजत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, पोराला बरं वाटावं म्हणून करतोय. तसं ठरवून मला जरा धीर आला. मी पत्रिका उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज न करता मागे सरकले.

"भाईर कोन हाय?" आतून आलं. "पोरी, दारातनं माघारी जाऊ नगंस. आत ये."

पडदा जाड होता. तिथून मी दिसणं शक्य नव्हतं. मी चप्पल हातात घेतली आणि उतरले. अर्ध्या डोंगरावर आल्यावर एका बाईने विचारलं, "ताई, पाय भाजत नाहीत का?" तेव्हा घातली.

लग्न मुलुंडला झालं. काका आले नाहीत. जेवणं चालू असताना रांगेत तो मुलगा दिसला, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, एकटाच. स्टेजवर आला. मी विचारलं, "काका?"

"काका गेले," तो म्हणाला. "आज दहा दिवस झाले. छातीचं दुखणं निघालं शेवटी. मी होतो जवळ. त्रास नाही झाला."

शेजारी नवरा, समोर फोटोवाला, मागे माणसं खोळंबलेली. मुलाने पिशवीतून हिरवं खणाचं कापड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"आईने द्यायला सांगितलंय. म्हणाली, पोरगी त्या दिवशी दारातून तशीच गेली, ओटी भरायची राहिली."

मी ते घेतलं. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"कधी सांगितलं आईने?"

"काल," तो म्हणाला.